फाइल अडली, पण कुठे?

पान उघडते, मजकूर नीट दिसतो, पण चित्राच्या जागी तुटक्या कागदाची खूण असते आणि व्हिडिओच्या जागी नुसता काळा चौकोन. अशा वेळी तोंडातून एकच वाक्य निघते : ‘ब्लॉक झालंय.’ हे वाक्य खोटे नसते, पण त्याचा उपयोगही नसतो. कोणी अडवले, कुठे अडवले आणि कशासाठी, यांतले काहीच ते सांगत नाही. ‘नळाला पाणी नाही’ एवढ्यावरून टाकी रिकामी आहे, व्हॉल्व्ह बंद आहे की पाइप फुटला आहे हे कळत नाही, तसेच हे. स्थानिक वेब सर्व्हरवरची चित्रे, ध्वनिफिती आणि व्हिडिओ अडतात तेव्हा प्रत्यक्ष दुरुस्ती बहुधा दोन-चार मिनिटांची असते. वेळ खातो तो अडथळ्याचा शोध, आणि त्याहून जास्त वेळ खाते ती शोध न घेता केलेली खटपट : हे बदल, ते बदल, सगळे पुसून पुन्हा बसव. म्हणून जागा ठरल्याशिवाय कशालाही हात लावू नये हा पहिला नियम. तो पाळणे अवघड नाही, कारण जागा ठरवायला लागणारा पुरावा सर्व्हर स्वतःच लिहून ठेवत असतो.

स्थानिक सर्व्हर म्हणजे काही मोठे प्रस्थ नव्हे. बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्यासारख्या गावात शाळेने किंवा वाचनालयाने एखादा जुना डेस्कटॉप घेतला, किंवा तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय, त्याला वायफाय राउटर जोडला आणि त्यावर अपाचीसारखा मोफत प्रोग्रॅम चालू केला की झाला सर्व्हर. इंटरनेट असो वा नसो, राउटरच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनवर त्याची पाने उघडतात. ‘हवेत कशाला हे उपद्व्याप? व्हिडिओ यूट्यूबवर आहेतच की,’ असा आक्षेप येऊ शकतो. त्याला साधा गुणाकार उत्तर देतो. २०० एमबीचा एक धडा ४० मुलांनी आपापल्या फोनवर इंटरनेटवरून पाहिला तर ८ जीबी डेटा खर्च होतो. स्थानिक सर्व्हरवर तो एकदाच उतरवायचा, खर्च २०० एमबी. विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचू देणारा किविक्स आणि शाळेतल्या धड्यांसाठी बनवलेला कोलिब्री ही सॉफ्टवेअर याच हिशेबावर उभी आहेत. पण यातली गोम अशी की सर्व्हर गावात आला म्हणजे त्याच्या दुरुस्तीची जबाबदारीही गावातच आली. यूट्यूब बंद पडला तर त्यांचे अभियंते धावतात. शाळेतला सर्व्हर अडला तर ज्याला त्यातले थोडेफार कळते त्यालाच बघावे लागते. अशा माणसाला शंभर युक्त्या पाठ असण्यापेक्षा शोधाची एक पद्धत अंगवळणी पडलेली असणे जास्त मोलाचे.

ती पद्धत समजायला बऱ्हाणपूरकरांना लांब जावे लागत नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे भूजल शहरात आणण्यासाठी इथे जमिनीखालून जलमार्ग खोदले गेले. इराणातल्या कनातीच्या धर्तीवरच्या या रचनेला कुंडी भंडारा म्हणतात. ओळीने खोदलेल्या, आडव्या भुयाराने जोडलेल्या कुंड्या आणि त्यांतून केवळ उताराच्या बळावर वाहणारे पाणी. आता विचार करा : अशा शंभर कुंड्यांच्या ओळीत शेवटी पाणी येईनासे झाले, तर अडथळा शोधायचा कसा? शेवटच्या कुंडीपाशी उभे राहून तर्क लढवण्यात अर्थ नाही. मधली, पन्नासावी कुंडी बघावी. तिथे पाणी वाहत असेल तर अडथळा पुढच्या पन्नासांत, नसेल तर मागच्या पन्नासांत. मग उरलेल्यांच्या मधली बघावी. दर खेपेला निम्मा भाग बाद होतो, आणि शंभर कुंड्यांतली नेमकी जागा सात वेळा डोकावण्यात सापडते. फाइलचा प्रवासही असाच कुंड्याकुंड्यांचा आहे. ब्राउझर मागणी करतो, ती वायफायवरून सर्व्हरपर्यंत जाते, सर्व्हर आपले नियम बघतो, मग डिस्कवर फाइल शोधतो, ती वाचायची परवानगी आहे का ते तपासतो, फाइलवर ‘हा अमुक प्रकारचा माल आहे’ अशी चिठ्ठी लावून परत पाठवतो, आणि शेवटी ब्राउझर ती उलगडून दाखवतो. यांतल्या कुठल्याही ठिकाणी गाळ साचला तरी पडद्यावर दिसतो तो तोच काळा चौकोन.

मधली कुंडी म्हणजे सर्व्हरची नोंदवही, म्हणजेच लॉग. अपाची दोन वह्या ठेवतो. एकीत आलेली प्रत्येक मागणी आणि तिला दिलेले उत्तर तीन आकडी क्रमांकात लिहिले जाते. दुसरीत फक्त चुका, कारणासकट. पान पुन्हा उघडावे आणि पहिल्या वहीतल्या शेवटच्या ओळी पाहाव्यात. व्हिडिओच्या मागणीची ओळच नसेल तर ती मागणी सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही; मग फाइल, फोल्डर, परवानग्या हे सगळे एका फटक्यात संशयातून सुटले. २०० किंवा २०६ असेल तर सर्व्हरने फाइल पाठवली आहे, गडबड बहुधा फाइलमध्ये किंवा ब्राउझरच्या बाजूला. ४०४ म्हणजे ‘या नावाचे इथे काही सापडले नाही’. ४०३ म्हणजे ‘मागणी कळली, पण देणार नाही’. एका ओळीवरून निम्मी वाट बाद होते ती अशी. वहीपर्यंत जाणे जमत नसेल तर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ या भागात हेच क्रमांक दिसतात. किंवा पान बाजूला ठेवून व्हिडिओचा पूर्ण पत्ता थेट पत्त्याच्या पट्टीत टाकून पाहता येतो. तिथे तो चालला तर दोष पानात आहे, फाइलमध्ये नाही.

नोंदच नाही, या प्रकारापासून सुरुवात करू, कारण गोंधळ इथे फार होतो. सर्व्हरच्या संगणकावर सगळे दिसते आणि मुलांच्या टॅबवर चित्रे तेवढी गायब, असे असेल तर पानातले पत्ते तपासावेत. चित्राच्या पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ लिहिलेले असते. लोकलहोस्टचा अर्थ ‘मी ज्या यंत्रावर आहे तेच यंत्र’. सर्व्हरवर तो बरोबर लागू होतो. टॅबवर मात्र टॅब स्वतःच्याच पोटात चित्र शोधतो आणि त्याला ते मिळत नाही. पानाचा मजकूर सर्व्हरच्या खऱ्या पत्त्यावरून आला म्हणून तो दिसतो आणि चित्रांचे पत्ते लोकलहोस्टचे म्हणून ती दिसत नाहीत. पत्त्यातून यंत्राचे नाव काढून फक्त फोल्डरपासूनचा मार्ग ठेवला की काम होते. पानच उघडत नसेल तर मात्र संशय फायरवॉलवर घ्यावा. विंडोज एखाद्या वायफायला ‘सार्वजनिक’ समजले की बाहेरून येणाऱ्या मागण्या मुकाट्याने टाकून देते. आणि सर्व्हरकडे मागणीच न जाण्याचे तिसरे कारण ब्राउझरमधला जाहिराती रोखणारा प्रोग्रॅम. तो फोल्डरचे नाव बघून निकाल लावतो. चित्रे ‘ॲड्स’ किंवा ‘बॅनर’ अशा इंग्रजी नावाच्या फोल्डरात असतील तर ती शाळेच्या स्नेहसंमेलनाची असली तरी तो त्यांना जाहिरात समजू शकतो.

४०४ हा क्रमांक वरकरणी सोपा वाटतो आणि मराठीत काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त चकवतो. पहिला चकवा सर्वांना ठाऊक असावा असा आहे : विंडोज फाइलच्या नावातल्या इंग्रजी मोठ्या आणि लहान अक्षरांत सहसा भेद करत नाही, लिनक्स करतो. विंडोजच्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारे पान लिनक्सवर चालणाऱ्या रास्पबेरी पायवर नेले की निम्मी चित्रे गायब होतात ती यामुळे. दुसरा चकवा खास आपला. ‘दापोरा’ हे नाव युनिकोड या अक्षरसंकेतात सहा चिन्हांचे आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात आणि वेबच्या पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. म्हणजे दापोरा हा एवढासा शब्द पत्त्यात ५४ अक्षरे व्यापतो. इथवर अडचण नाही, पत्ता लांबतो इतकेच. पण नावाचे सामान्यरूप झाले, ‘दापोऱ्याची केळी’ असा व्हिडिओ ठेवला, की त्यात तो मराठीचा खास अर्धा र येतो, आडव्या चंद्रकोरीसारखा. हा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य अशी जुळणी करतात. काही साधा र, हलन्त, मग एक डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ‘दापोऱ्याची’ हा शब्द पहिल्या प्रकारात १० चिन्हांचा, दुसऱ्या प्रकारात ११ चिन्हांचा. एक ३० बाइटचा, दुसरा ३३ बाइटचा. फाइलचे नाव एकाने फोनवर टाइप केले आणि पानातली ओळ दुसऱ्याने संगणकावर, तर सर्व्हर प्रामाणिकपणे ४०४ सांगेल आणि आपण ‘अरे, समोर तर दिसतेय’ म्हणून डोके धरून बसू. ‘बऱ्हाणपूर’ या नावाचीही हीच कथा. ‘ॲ’ या अक्षराचीही : त्याला युनिकोडने २००८मध्ये स्वतंत्र जागा दिली, पण अ वर चंद्र काढून तो लिहिण्याची आधीची रीत अजून सुटलेली नाही, आणि संगणक या दोन ‘ॲ’ना एक मानत नाही.

यावर उपाय असा की फाइलचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत आणि आकड्यांत, मोकळी जागा न सोडता ठेवावे आणि मराठी शीर्षक पानावर ठळक लिहावे. मराठीचा आग्रह असणाऱ्यांना हे खटकेल. आपल्या भाषेने यंत्रापुढे माघार का घ्यावी, असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे, पण फाइलचे नाव हे मुळात वाचण्यासाठी नसतेच. शेताला महाराष्ट्रात गट क्रमांक असतो, मध्य प्रदेशात खसरा क्रमांक. घरात मात्र त्याला कोणी क्रमांकाने हाक मारत नाही, ‘आंब्याचं शेत’ म्हणतात. क्रमांक दप्तरासाठी, नाव माणसांसाठी. मुलांना दिसते ते शीर्षक, आणि ते शुद्ध मराठीत हवेच. शिवाय लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा सहसा २५५ बाइटची, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजवर त्याहून ऐसपैस मराठी नाव चालते, पण तीच फाइल लिनक्सवर उतरताना नकार मिळतो.

आता ४०३. इथे सर्व्हरला फाइलचा रस्ता माहीत असतो, पण तो देत नाही. गंमत अशी की हा एकच क्रमांक दोन अगदी वेगळ्या नकारांसाठी येतो आणि ते वेगळेपण फक्त चुकांच्या वहीत कळते. अपाचीच्या वहीत एएच०१६३० असा संकेत असेल तर नकार सर्व्हरच्या स्वतःच्या नियमांचा आहे. जुन्या पुस्तकातून उतरवलेल्या ओळी २०१२च्या अपाची २.४ नंतर बदललेल्या पद्धतीशी जुळत नाहीत, तेव्हा हे होते. एएच०००३५ असेल तर नियमांचा दोष नाही. वाटेतला एखादा फोल्डर बंद आहे. लिनक्सवर फाइल वाचायला फाइलची परवानगी पुरत नाही, तिच्यापर्यंतच्या प्रत्येक फोल्डरातून पुढे जाण्याची परवानगी लागते. वाड्यातली खोली सताड उघडी, पण दिंडीदरवाजाला आतून कडी, तशी ही स्थिती. याचे नेहमीचे उदाहरण पेनड्राइव्हचे. सर्व्हरच्या डिस्कवर जागा नाही म्हणून व्हिडिओ पेनड्राइव्हवर ठेवतात. उबुंटूसारखी प्रणाली तो ज्या फोल्डरात जोडते तो फोल्डर त्या वेळी लॉगइन केलेल्या माणसापुरताच उघडा असतो. आपण बसून बघितले की सगळे व्हिडिओ दिसतात. सर्व्हरचा प्रोग्रॅम मात्र वेगळ्या खात्याने चालतो आणि तो दारातच अडतो.

इथेच तो सुप्रसिद्ध सल्ला मिळतो : ‘सगळ्याला ७७७ करून टाक.’ लिनक्समध्ये वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ असे गुण असतात. ७७७ म्हणजे मालक, गट आणि इतर अशा तिघांनाही सगळे काही. ‘घरचाच सर्व्हर आहे, कोण येतंय बिघडवायला?’ हे त्याचे समर्थन. त्यात थोडे तथ्य आहे. बंद खोलीतल्या, प्रयोगापुरत्या संगणकावर त्याने आभाळ कोसळत नाही. पण सल्ल्याची खरी परीक्षा अशी की तो किती ठिकाणी लागू पडतो. वर सांगितलेला दिंडीदरवाजा बंद असताना फाइलला ७७७ दिले तरी ४०३ तसाच राहतो. पेनड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचा असेल तर त्यावर अशा परवानग्या साठवण्याची सोयच नसते. त्या पेनड्राइव्ह जोडतानाच ठरवाव्या लागतात. नकार सर्व्हरच्या नियमांचा असेल तर ७७७चा संबंध नाही. एसई-लिनक्स हा जादा पहारेकरी असलेल्या फेडोरासारख्या प्रणालीत फाइलला एक अदृश्य शिक्का असतो : ती घरच्या फोल्डरातून ‘हलवली’ तर जुना शिक्का घेऊन येते, ‘कॉपी’ केली तर नव्या जागेचा शिक्का मिळतो. विंडोजवरही एकाच ड्राइव्हमध्ये हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत आणते, कॉपी केलेली नव्या फोल्डराच्या घेते. म्हणून एकाच फोल्डरातला एक व्हिडिओ चालतो आणि शेजारचा नाही. यांपैकी कुठेही ७७७ मूळ दोषाला शिवत नाही. आणि जिथे तो लागू पडतो तिथे ७५५ फोल्डरांना आणि ६४४ फायलींना पुरेसे असतात. जास्तीचा मिळतो तो फक्त त्या यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला फायली पुसण्याचा हक्क.

२०० किंवा २०६ क्रमांक आला आणि तरी पडदा काळाच, तर नियम आणि परवानग्यांचा नाद सोडावा. फाइलचा आकार मूळ फाइलशी ताडून बघावा. अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओही सर्व्हर बिनतक्रार पाठवतो. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तर ४ जीबी एवढी फाइल मावतच नाही. मग फाइलचा आतला प्रकार बघावा. आयफोन २०१७पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, जागा वाचवण्यासाठी फोटो एचईआयसी आणि व्हिडिओ एच.२६५ या प्रकारांत साठवू लागले. असा फोटो अनेक ब्राउझर दाखवतच नाहीत आणि व्हिडिओचा कधी आवाज तेवढा येतो, चित्र नाही. सर्व्हरवर ठेवण्याआधी फोटो जेपेगमध्ये आणि व्हिडिओ एच.२६४मध्ये बदलून घेतला की हा प्रश्न मिटतो. २०६चे महत्त्वही इथेच. व्हिडिओ मधूनच पुढे ढकलून पाहायचा तर ब्राउझर त्याचा हवा तेवढाच तुकडा मागतो आणि सर्व्हर ‘हा घ्या तुकडा’ या अर्थाने २०६ देतो. तुकडे देता न येणाऱ्या एखाद्या साध्या सर्व्हरवर इतर फोनांत व्हिडिओ चालतो, पण आयफोनची सफारी अडून बसते. फाइलवरची प्रकाराची चिठ्ठीही तपासावी. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस सर्व्हर तर ओळखीचा नसलेला प्रकार समोर असूनही देत नाही आणि उत्तर ४०४ असे देतो. त्याच्या पोटातला ४०४.३ हा उपक्रमांक पाहिला तरच खरे कारण कळते. म्हणजे क्रमांकही डोळे झाकून मानायचा नाही, त्याच्या मागचा तपशील वाचायचा.

शेवटचा आक्षेप असा, की हे वह्या वाचणे, संकेत ओळखणे अभियंत्यांचे काम; शिक्षकाला किंवा ग्रंथपालाला ते कसे जमणार? वह्या इंग्रजीत आणि किचकट असतात हे खरे. पण शोधासाठी त्यांतले सगळे वाचावे लागत नाही. वेळ, फाइलचा मार्ग आणि क्रमांक एवढ्या तीन गोष्टी ओळखता आल्या की पुरते, आणि यांतले दोन तर आकडेच आहेत. विजेचे बिल समजायला विद्युत अभियांत्रिकी लागत नाही. मागचे रीडिंग, चालू रीडिंग आणि युनिट कळले की तक्रार कुठे करायची ते कळते. उलट वही न वाचता सर्व्हर पुसून पुन्हा बसवणे हेच खरे तर खर्चाचे काम. त्यात अर्धा दिवस जातो, आणि दोष नावातल्या अदृश्य जोडचिन्हाचा असेल तर नवा सर्व्हरही तोच ४०४ देतो. अडथळा सापडून दूर झाला की तारीख, क्रमांक, कारण आणि केलेला बदल अशी एक ओळ सर्व्हरशेजारच्या साध्या वहीत मराठीत लिहून ठेवावी. शिक्षकाची बदली होते, राउटर बदलतो, पण पुढच्या वर्षी तोच काळा चौकोन दिसेल तेव्हा नव्या माणसाला कोणत्या कुंडीत आधी डोकावायचे हे त्या ओळीवरून कळेल.